सोलापूर–मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस: गाडीचे आणि तिच्या खालच्या मार्गाचे परीक्षण

सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्या वंदे भारत एक्स्प्रेसविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा तिकिटाच्या दराबद्दल, नाश्त्याबद्दल आणि डब्यातल्या पडद्यांबद्दल. ही गाडी ज्या तंत्रज्ञानाच्या नावाने मिरवली जाते, त्याचा सोलापूरच्या प्रवाशाच्या पदरात नेमका किती लाभ पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ताशी १८० किलोमीटर वेगासाठी आखलेली आणि ताशी १६० किलोमीटरने धावू शकणारी ही गाडी सोलापूर ते मुंबई हे सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर साडेसहा तासांत कापते, म्हणजे तिची सरासरी ताशी ७० किलोमीटर पडते. उरलेला वेग कुठे जातो, तो परत मिळवता येईल का, आणि तोवर या गाडीचे तिकीट कोणी काढावे व कोणी काढू नये, याचा विचार या परीक्षणात केला आहे.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ही गाडी आणि साईनगर शिर्डीची वंदे भारत या दोन्ही एकाच दिवशी सुरू झाल्या. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार आपली गाडी सोलापूरहून सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी सुटते, कुर्डुवाडी, पुणे, कल्याण आणि दादर येथे थांबते आणि दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी मुंबईला पोहोचते. परतीला ती मुंबईहून दुपारी ४ वाजून ५ मिनिटांनी निघून रात्री १० वाजून ४० मिनिटांनी सोलापुरात येते. या आकड्यांची फोड केली की खरी गोष्ट लक्षात येते. सोलापूर ते पुणे हे २६४ किलोमीटर अंतर ती तीन तासांच्या आसपास पार करते, म्हणजे सरासरी ताशी ८८ किलोमीटर. पुणे ते मुंबई या १९२ किलोमीटरला मात्र साडेतीन तास लागतात आणि सरासरी ताशी ५५ वर उतरते. एकाच तिकिटावर आपण दोन वेगवेगळ्या गाड्यांतून प्रवास करतो, असे म्हटले तरी चालेल. पहिली गाडी भारतीय रेल्वेच्या मोजपट्टीने खरोखर वेगवान आहे. दुसरी गाडी आरामशीर आहे, एवढेच तिच्याविषयी म्हणता येते.

पहिल्या टप्प्याचे श्रेय गाडीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, तिच्या आधी जमिनीवर झालेल्या कामाला द्यावे लागते. सोलापूरला रेल्वे आली ती १८६० मध्ये. तेव्हा बोर घाट अजून फोडून झालेला नव्हता; घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, त्यामुळे सुरुवातीची तीनेक वर्षे सोलापूरहून निघालेल्या प्रवाशाला खंडाळ्याला उतरून पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट उतरावा लागे आणि खालून पुन्हा गाडी धरावी लागे. त्यानंतर दीड शतक उलटले तरी दौंड आणि सोलापूर यांच्या दरम्यान मोठ्या पट्ट्यात एकेरी मार्गच राहिला. एकेरी मार्गावर गाडीचे इंजिन कितीही ताकदीचे असले तरी समोरून येणारी गाडी जाईपर्यंत तिला एखाद्या लहान स्थानकावर बाजूच्या रुळावर उभे राहावेच लागते. क्रॉसिंगसाठी जेऊर किंवा पारेवाडीच्या फलाटाकडे पाहत काढलेला वेळ आमच्या पिढीतल्या प्रत्येक सोलापूरकराच्या हिशेबात जमा आहे. भिगवण ते मोहोळ या पट्ट्यातील दुहेरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, त्याच सुमारास विद्युतीकरणही पुरे झाले, आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत वंदे भारत सुरू होऊ शकली. डिझेलवर ही गाडी चालतच नाही. तिला २५ किलोव्होल्टची ओव्हरहेड तार अखंड मिळाली पाहिजे. सोलापूर रेल्वे विभागातलाच औसा रोड ते लातूर रोड हा ५२ किलोमीटरचा तुकडा फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्युतीकृत झाला आणि त्याबरोबर मध्य रेल्वेचे संपूर्ण ब्रॉडगेज जाळे विजेवर आले. उद्घाटनाच्या छायाचित्रांत यातले काहीच दिसत नाही, पण सोलापूर ते पुणे हा प्रवास तीन तासांवर आला तो मुख्यत्वे या दुसऱ्या रुळामुळे आणि या तारेमुळे.

आता गाडीकडे वळू. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने २०१८ मध्ये ‘ट्रेन १८’ या नावाने तिचा पहिला संच तयार केला, आणि १५ फेब्रुवारी २०१९ रोजी तो दिल्ली–वाराणसी मार्गावर धावू लागला. आपल्याकडे आलेला संच हा २०२२ मध्ये सुधारलेल्या दुसऱ्या पिढीचा आहे. तिला इंजिन नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, पण इंजिन नसण्याने काय साधते हे फारसे कोणी सांगत नाही. सोलापूरच्या जुन्या गिरण्यांमध्ये एका वाफेच्या इंजिनावर छताखालची लांब दांडी फिरे आणि तिच्यावरून उतरलेल्या पट्ट्यांनी शेकडो माग चालत. पुढे प्रत्येक मागाला स्वतःची मोटर आली आणि दांडीपट्ट्यांचा तो सगळा पसारा गेला. वंदे भारतमध्ये झालेला बदल याच जातीचा आहे. सोळा डब्यांच्या मूळ रचनेत चार-चार डब्यांचे चार गट असतात. निम्म्या डब्यांच्या चाकांना विजेच्या मोटरी जोडलेल्या असतात, आणि तारेतली वीज उतरवून घेणारे ट्रान्सफॉर्मर डब्यांच्या खाली टांगलेले असतात. ओढण्याचे काम बत्तीस आसांवर, म्हणजे चाकांच्या बत्तीस जोड्यांवर, वाटले गेल्यामुळे गाडी सुटताना झटका बसत नाही, चाके जागच्या जागी घसरत नाहीत, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ५२ सेकंदांत गाठते, असे रेल्वेने जाहीर केलेले आहे.

हा ५२ सेकंदांचा आकडा जाहिरातीतला वाटतो, पण आपल्या मार्गावर त्याची किंमत ताशी १६० किलोमीटरच्या आकड्याहून जास्त आहे. कुर्डुवाडीला थांबून पुन्हा वेग घ्यायला साध्या गाडीला जो वेळ लागतो, त्याच्या थोड्या अंशात ही गाडी पुन्हा पूर्ण वेगात येते. रुळाच्या दुरुस्तीसाठी कुठे गती कमी करावी लागली, तर ती संपताच पुन्हा उसळी घेते. म्हणूनच कुर्डुवाडीचा थांबा तिला परवडतो, आणि पंढरपूर, बार्शी, लातूर या बाजूच्या लोकांनाही तिचा उपयोग होतो. कुर्डुवाडीला तंत्रज्ञानाचे अप्रूप नवे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तेव्हा प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही अशा बेताने तिची इंजिने आणि डबे आखलेले होते. भार अनेक आसांवर वाटून हलक्या रुळांवर मोठे काम करून घेण्याचा तो विचार आणि आजच्या गाडीतला मोटरी वाटून देण्याचा विचार एकमेकांचे दूरचे नातलग आहेत.

गाडीची खरी परीक्षा लोणावळा आणि कर्जत यांच्या दरम्यान होते, आणि या परीक्षेत तिने मिळवलेले गुण मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. बोर घाटातला चढ सदतीसास एक आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की मार्ग एक मीटर वर चढतो. रस्त्याच्या दृष्टीने हा चढ किरकोळ आहे, पण पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड फार थोडी असते. हिशेब असा मांडता येईल: बाराशे टनांची डब्यांची माळ आणि तिला जोडलेले सुमारे १२३ टनांचे इंजिन या चढावर न्यायचे, तर केवळ उतार जिंकण्यासाठी ३५ टनांहून अधिक ओढ लागते, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या वजनाच्या २९ टक्के. कोरड्या रुळावर चाकाला मिळणारी पकड वजनाच्या चतुर्थांश ते तृतीयांश एवढीच असते, आणि पावसाळ्यात ती आणखी घटते. वळणांचा आणि चाकांचा विरोध यात धरलेलाच नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावतात. डब्यांमधल्या जोडण्यांवर सगळा ताण येऊ नये आणि एखादी जोडणी तुटलीच तर मागचे डबे घसरत खाली जाऊ नयेत, हाही त्यामागचा हेतू असतो. वंदे भारतमध्ये गाडीचे जवळजवळ निम्मे वजन मोटरीने चालणाऱ्या आसांवरच असते, त्यामुळे त्याच चढाला चालत्या चाकांवरील वजनाच्या अठराव्या हिश्श्याच्या आसपासची पकड पुरते. तिला बँकर लागत नाही याचे सगळे गुपित या एका भागाकारात आहे.

बँकर न लागल्याने कर्जतचा थांबाही गेला. वेळ वाचला हे खरे; पण फलाटावर उतरून गरम बटाटेवडा घेण्याची सोयही त्याबरोबर गेली, आणि डब्यात मिळणारा कोणताही पदार्थ तिची भरपाई करू शकत नाही, हे परीक्षकाचे प्रामाणिक मत येथे नोंदवून ठेवतो.

उतरताना प्रश्न उलटा होतो. चढताना ताकद पुरेल का याची चिंता असते. उतरताना गाडी थोपवता येईल का याची. बोर घाटात सुटलेली गाडी अडवण्यासाठी चढत्या बाजूला वळवलेले खास रूळ आजही आहेत, आणि घाट उतरणाऱ्या गाड्यांवर वेगाचे कडक निर्बंध असतात. गाडी कोणतीही असो, हे निर्बंध सुटत नाहीत, आणि सुटूही नयेत. आपली वंदे भारत मुंबईकडे जाताना पुण्यापुढे जेवढा वेळ घेते, तेवढा परतीला चढताना घेत नाही, यामागे उपनगरी वाहतुकीच्या गर्दीबरोबर हेही एक कारण आहे. घाटात थांबावे लागल्यास ती उतारावर उभी राहू शकावी म्हणून तिला पार्किंग ब्रेक दिलेले आहेत. चालू गाडी आवरण्याचे बरेचसे काम तिच्या मोटरीच करतात: ब्रेक लावताना त्या जनित्राप्रमाणे वीज निर्माण करून ती तारेत परत सोडतात. ही कल्पना नवी आहे असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस या घाटात आलेली विजेची मालगाडी-इंजिने, ज्यांना कामगार ‘खेकडा’ म्हणत, तीही उतरताना वीज परत देत असत. फरक आहे तो नियंत्रणात. तेव्हा चालकाच्या हातातल्या लिव्हरने जे होई, ते आता अर्धवाहकांचे स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून करतात, आणि यांत्रिक ब्रेक कधी किती मदतीला घ्यायचे हे संगणक ठरवतो. मुंबई विभागाच्या मुख्य मार्गावरील जुनी १५०० व्होल्टची एकदिश (डीसी) वीज टप्प्याटप्प्याने काढून २५ किलोव्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज आणण्याचे काम २०१५ मध्ये संपले नसते, तर ही गाडी कल्याणच्या पुढे अशी सरळ गेलीच नसती.

घाटात पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तेथे थांबून दिशा बदलून पुढे जाई. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते वगळण्यात आले. मार्गाची आखणी बदलून वेळ वाचवण्याचे या घाटातले ते सर्वांत मोठे उदाहरण आहे, आणि पुढच्या मुद्द्यासाठी ते ध्यानात ठेवावे लागेल.

हा मुद्दा साध्या गणिताचा आहे आणि रेल्वेविषयीच्या बातम्यांत तो नेहमी हरवतो. सोलापूर–पुणे या २६४ किलोमीटरच्या मार्गावर गाडी अखंड ताशी ११० ऐवजी ताशी १३० किलोमीटरने धावली, असे क्षणभर धरू. वाचतात २२ मिनिटे. तिथून वेग ताशी १६० वर नेला, तर आणखी २३ मिनिटे वाचतात, पण त्यासाठी रूळ, वळणे, सिग्नल, कुंपण, सगळ्यांवर मोठा खर्च करावा लागतो. उलट, मार्गात कुठेतरी वीस किलोमीटरचा असा पट्टा आहे जिथे गाडीला ताशी ३० ने रांगावे लागते. तो ताशी ६० वर आणला तर एकट्या त्या पट्ट्यात २० मिनिटे वाचतात. प्रवासाचा वेळ वेगवान भागात मिळवला जात नाही, तो मंद भागात गमावला जातो. आपल्या मार्गावर हे मंद भाग घाटात, पुण्याच्या यार्डात आणि कल्याणपुढच्या उपनगरी गर्दीत आहेत, आणि त्यांच्यावर वंदे भारतच्या डब्यांमध्ये कितीही सुधारणा केल्या तरी उपाय होत नाही. म्हणून ‘वेगवान गाडी’ म्हणून या सेवेला पूर्ण गुण देणे मला जमत नाही. पुण्यापर्यंत पाचपैकी साडेचार आणि पुण्यापुढे तीन, असा माझा हिशेब आहे, आणि पुढचे वजा झालेले गुण गाडीचे नसून मार्गाचे आहेत.

सोलापूरकडच्या सपाट मुलुखात घाट नाही, पण तिथेही रुळाच्या अभियंत्याला स्वस्थता नाही. आपला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षा बराच अधिक गरम असतो. पूर्वी दर तेरा मीटरला रुळांत फट असे, आणि चाकांचा तो ठरावीक ताल त्या फटींतून येई. आता मैलोगणती रूळ वितळजोड करून अखंड केलेले असतात. एक किलोमीटर पोलादी रूळ मोकळा सोडला, तर तापमानाच्या एका अंशाला तो साडेअकरा मिलिमीटर वाढतो. पण अखंड रुळाला वाढायला जागाच नसते, म्हणून वाढीऐवजी त्यात दाब साठतो. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळात एका अंशाला हा दाब पावणेदोन टनांहून थोडा अधिक, म्हणजे तीस अंशांच्या फरकाला एका रुळात पंचावन्न टनांच्या घरात जातो. काँक्रीटचे जड स्लीपर, रुळाला घट्ट पकडणारे पोलादी क्लिप आणि दोन्ही खांद्यांना पुरेशी खडी, या तिघांच्या जोरावर तो रूळ सरळ राहतो. कुठे खडी कमी पडली किंवा दुरुस्तीत नुकतीच हलवली गेली, की भर दुपारी रूळ बाजूला वाकण्याचा धोका असतो. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात मार्गावरून पायी गस्त घालणारे ट्रॅकमन दिसतात. वातानुकूलित डब्यातल्या प्रवाशाला या लोकांचे काम दिसत नाही, पण त्याच्या गाडीचा वेग त्यांच्यावर अवलंबून आहे.

रुळाखालची जमीनही सोपी नाही. भीमा-सीनेच्या खोऱ्यातली काळी कसदार माती ज्वारीला आणि उसाला वरदान असली, तरी लोहमार्गाला ती त्रासदायकच ठरते. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर खडी थेट टाकली तर ती चिखलात रुतत जाते आणि रूळ लाटेसारखे वर-खाली होतात. नव्या मार्गाच्या बांधणीत म्हणून माती आणि खडी यांच्यामध्ये मुरमाचा किंवा प्रतवारी केलेल्या वाळूखडीचा निराळा थर घालतात, ज्याला अभियंते ब्लँकेट म्हणतात. कप भरून ठेवला तरी सांडत नाही, हे वंदे भारतचे कौतुक आपण ऐकतो. त्यातला काही भाग डब्याखालच्या हवेच्या स्प्रिंगांचा आहे आणि काही भाग या न दिसणाऱ्या थराचा.

सुरक्षेबाबत ‘कवच’ या स्वयंचलित प्रणालीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण तिचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने ही प्रणाली विकसित केली, आणि तिच्या सुरुवातीच्या चाचण्या दक्षिण मध्य रेल्वेवर लिंगमपल्ली–विकाराबाद–वाडी आणि विकाराबाद–बीदर या मार्गांवर झाल्या. वाडी म्हणजे आपल्या सोलापूर विभागाचे पूर्वेकडचे टोक. रुळांमध्ये बसवलेले टॅग गाडीला तिचे स्थान सांगतात, स्थानकावरील यंत्रणा रेडिओवरून पुढच्या सिग्नलची स्थिती कळवते, आणि लोको पायलटने लाल सिग्नलपूर्वी वेग कमी केला नाही तर यंत्र स्वतः ब्रेक लावते. ४ मार्च २०२२ रोजी याच भागात एकाच रुळावर समोरासमोर इंजिने आणून चाचणी घेतली गेली, तेव्हा रेल्वेमंत्री बसलेले इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटर अंतरावर आपोआप थांबले. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून ती स्वीकारली गेली, आणि तिच्या ४.० या सुधारित आवृत्तीला जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ग्राहकाने एक गोष्ट समजून घ्यावी: गाडीत कवचाचे यंत्र असणे हा अर्धाच भाग आहे. रुळांत टॅग, स्थानकांवर उपकरणे, मार्गालगत रेडिओचे मनोरे आणि त्यांना जोडणारी ऑप्टिकल फायबर केबल, हा दुसरा अर्धा भाग जिथे नसेल तिथे गाडीतले यंत्र एकटे काही करू शकत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात ‘कवच’ हा शब्द वाचून निश्चिंत होण्यापेक्षा ‘कोणत्या मार्गावर’ हे विचारणे अधिक योग्य.

डब्याच्या अंतरंगाबद्दल थोडक्यात. दोन डब्यांमधली जागा पूर्ण बंद असल्याने धूळ आणि आवाज दोन्ही कमी, दारे आपोआप मिटणारी, पायरी फलाटाकडे सरकणारी, शौचालये व्हॅक्यूमवर चालणारी. हे सगळे चांगले आहे. वातानुकूलन यंत्रात हवा निर्जंतुक करणारी अतिनील किरणांची व्यवस्था चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या शिफारशीनुसार बसवलेली आहे. बैठकीबाबत मात्र माझे मत कडक आहे. साध्या चेअर कारची खुर्ची मागे फार थोडी कलते, आणि साडेसहा तासांसाठी ते पुरेसे नाही. हे रेल्वेलाही मान्य असावे, कारण २०२३ मध्ये पुढच्या संचांसाठी ज्या सुधारणा जाहीर झाल्या त्यांत खुर्चीचा कल १७.३१ अंशांवरून १९.३७ अंशांवर नेणे आणि गादी मऊ करणे यांचा समावेश होता. दोन अंशांनी कंबरेला किती आराम पडतो हे ज्याचे त्याने ठरवावे.

वेळापत्रकाचा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटत नाही, पण सेवेची उपयुक्तता शेवटी तोच ठरवतो. सकाळी निघालेला सोलापूरकर नऊच्या सुमारास पुण्यात असतो आणि परतीची हीच गाडी पुण्याला संध्याकाळी सातनंतर येते. म्हणजे दवाखाना, विद्यापीठ, मुलाखत, नातेवाइकांची गाठ, सगळे उरकायला अख्खा दिवस हातात राहतो. मुंबईत मात्र साडेबाराला उतरून चारच्या गाडीला परत यायचे, तर मंत्रालयात पास मिळेपर्यंतच अर्धा वेळ संपतो. मुंबईचे काम असेल त्याने रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघावे, सकाळी उतरून दिवसभर काम करावे आणि पुन्हा रात्री तिनेच परतावे. ती गाडी जुनी असेल, पण तिची वेळ कामाच्या माणसाने ठरवलेली आहे. पुण्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस अजूनही स्वस्त आणि सोयीची आहे, फक्त तिला वेळ अधिक लागतो. वंदे भारतच्या वेळेमागे एक तांत्रिक अपरिहार्यता आहे, हेही मान्य केले पाहिजे. या सेवेला एकच संच पुरावा अशी आखणी आहे: सकाळी निघालेला संच त्याच रात्री सोलापुरात परत येतो, दिवसाकाठी ९०० किलोमीटरहून अधिक धावतो. सुरुवातीच्या वेळापत्रकात बुधवारी मुंबईहून आणि गुरुवारी सोलापूरहून गाडी नव्हती, म्हणजे बुधवारी दुपारपासून गुरुवारी दुपारपर्यंत संच मुंबईत मोकळा राही, आणि मोठ्या देखभालीला मिळणारी आठवड्यातली ती सलग वेळ असे. दुसरा संच मिळाल्याशिवाय मुंबईकरांना सोयीची आणि सोलापूरकरांनाही सोयीची अशी वेळ एकत्र साधणे शक्य नाही.

आता तिकीट. सुरुवातीला जाहीर झालेले सोलापूर–मुंबई भाडे खाद्यपदार्थांशिवाय चेअर कारला १,००० आणि एक्झिक्युटिव्हला २,०१५ रुपये, तर खाद्यपदार्थांसह अनुक्रमे १,३०० आणि २,३६५ रुपये होते. एक्झिक्युटिव्हची खुर्ची रुंद असते आणि ती पूर्ण फिरवता येते, पण दुप्पट पैशांत वेग तोच. एक गोष्ट मात्र या वर्गाच्या बाजूने सांगता येते: मूळ सोळा डब्यांच्या रचनेत एक्झिक्युटिव्हचे दोन्ही डबे संचाच्या मध्यभागी आणि मोटरी नसलेले आहेत, त्यामुळे गाडी वेग घेताना चेअर कारच्या अनेक डब्यांत जमिनीखालून येणारी घरघर तिथे कमी पोहोचते. चेअर कारमध्येच शांतता हवी असेल तर गाडीच्या दोन्ही टोकांचे, चालक-कक्षाला लागून असलेले डबे घ्यावेत. त्यांनाही मोटरी नसतात आणि आसने थोडी असल्याने वर्दळही कमी असते. पुण्यापर्यंत जाणाऱ्याने चेअर कारच्या पुढे पाहण्याचे काही कारण नाही. मुंबईपर्यंत ज्येष्ठ नागरिकाला न्यायचे असेल आणि रात्रीचा प्रवास त्यांना झेपणार नसेल, तर एक्झिक्युटिव्हचे जादा हजार रुपये मी काढेन, आणि खाद्यपदार्थांचा पर्याय वगळून घरची भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घेईन.